मीठ वाढलं, साहेब!

आम्ही व्यापाराच्या वर्गात शिकलेले जुने सोबती जव्हारच्या बाजारात भेटलो, की चहा निवतो पण किस्से निवत नाहीत. एकाने सुरुवात केली की दुसरा लगेच, "अरे, ते राहिलंच की!"

संस्थान विलीन झालं आणि सरकारने पाड्यांवरच्या आम्हा पोरांना व्यापार शिकवायचं काढलं. शिकवायला रेगे मास्तर आले. मुंबईच्या कॉलेजात कॉमर्स शिकलेले! पास होणाऱ्याला खोडाळ्याचं सोसायटीचं दुकान मिळणार होतं.

*

पहिल्याच दिवशी मास्तर म्हणाले, "गिऱ्हाईक म्हणजे देव! मग देव दारात आला तर काय करायचं?"

सूर्यमाळचा सोमा ताडकन उभा राहिला. "कोंबडा कापायचा!"

मास्तरांनी त्या दिवशी वर्ग लवकर सोडला.

*

मग आली कॉम्पिटिशन. "सोमा, तुझ्यासमोरच दुसऱ्याने दुकान टाकलं तर?"

"बरंच झालं की मास्तर! दुपारी गप्पा मारायला माणूस मिळालं."

*

मास्तर बोलण्याच्या बाबतीत भारी कडक. "दुकानदाराने अशुभ बोलू नये. माल 'संपला' नाही म्हणायचं, 'वाढला' म्हणायचं. आणि दुकान बंद करत नाहीत, 'वाढवतात'!"

आमची घरची बोली वेगळी, त्यामुळे मास्तरांची मराठी आम्ही देवाच्या नावासारखी पाठ केली. दुसऱ्या दिवशी सोमा अनवाणी आला. "मास्तर, चप्पल वाढली!"

*

दुकान सोमालाच मिळालं. पहिल्या बाजाराला त्याचा बा आला आणि अंगणातच उभा राहिला. गावात दुकान एकट्या शेठचं, आणि त्याच्या ओट्यावर आमच्या माणसाने कधी पाय ठेवला नव्हता, मग इथे तरी कसा ठेवणार?

"वर ये की बा!"

"नको, इथंच बरा हाय मी."

सोमाने खाली उडी मारली, बाला हाताला धरून वर आणलं आणि साखरेच्या पोत्यावर बसवलं.

"आता काय घेऊ रे?" म्हातारा घाबरून म्हणाला.

"काय नको घेऊ. नुसता बस."

 

*

माल पाठवणारे साहेब धारवाडकडचे. माणूस सज्जन, पण मराठी पुस्तकातून शिकलेले. पाहणीला आले आणि विचारलं, "मीठ कसं आहे?"

"मीठ वाढलं, साहेब!"

"फार छान!" म्हणून साहेब खूश होऊन गेले. ट्रक आला, त्यात गूळ होता, तेल होतं, मिठाचा खडा नव्हता! बाजाराला आलेली माणसं निमूट शेठकडे वळली. शेठने लगेच वर कळवलं, "या लोकांना धंदा जमायचा नाही. दुकान माझ्याकडे द्या."

*

साहेब निकाल लावायलाच आले. सोमाचं तोंड उतरलेलं. दुकान गेलं की त्याचा बा पुन्हा शेठच्या अंगणात उभा! रेगे मास्तर मिठाचा खुलासा करायला उठले, तर साहेबांनी त्यांना हातानेच बसवलं. "मी यांच्याशीच बोलतो. सोमा, तुमच्याविरुद्ध तक्रार आहे. खरं सांगा, या दुकानाचं तुम्ही काय करता?"

सोमा हात जोडून म्हणाला, "खोटं नाही बोलणार साहेब. दिवस मावळला की दुकान वाढवतो."

"रोज?"

"रोज! जेवायला जायचं असलं तर दुपारीपण एकदा वाढवतो."

मास्तरांना एकदम खोकल्याची उबळ आली.

साहेब खुर्चीतून उठले आणि त्यांनी सोमाचा हात हातात घेतला. "शाबास! तक्रार खोटी आहे. सूर्यमाळलाही एक दुकान देतो तुम्हाला. तिथे वाढवाल ना?"

"तिथं तर वाघाचं भ्या हाय, साहेब," सोमा म्हणाला, "उजेड हाय तवरच वाढवीन!"