नीलिमाकाकूंनी भरलेली ओटी

जयपुरात विनोदी सिनेमा काढायचा म्हणजे एक लग्न, एक बिथरलेली घोडी आणि घुंगटवाल्या बायकांचा घोळका, एवढं लागतंच. त्या घोळक्यात आमच्या घरमालकीण नीलिमाकाकू हमखास असतात. मूळच्या साताऱ्याच्या. सुभेदार संभाजीकाका जयपूरच्या छावणीतून निवृत्त झाले, त्यांनी शहरातल्याच सोडाला भागात घर बांधलं आणि काही वर्षांनी ते गेले. मुलगा दर्शन पुण्यात. वरच्या मजल्यावर मी भाड्यानं राहते. सिनेमाच्या गर्दीत काकू उभ्या राहतात ते निव्वळ हौसेखातर. आजवर एकाही सिनेमात त्यांचं तोंड दिसलेलं नाही, पण "तो तिसरा घुंगट माझा" असं छातीठोकपणे सांगतात आणि मीही मान डोलावते.

अशी ही हसरी बाई परवा एका आमंत्रणानं गप्प झाली. सून अनुश्रीला सातवा महिना लागला होता, पुण्यात डोहाळजेवण होतं.

"मी नाही जायची," काकू म्हणाल्या.

कारण मला ठाऊक होतं. दर्शनच्या लग्नात त्या सुनेची ओटी भरायला तांदळाची ओंजळ घेऊन पुढे झाल्या, तर त्यांच्या नणंदेनं, दर्शनच्या आत्यानं, सगळ्यांदेखत त्यांचा हात धरला. "वहिनी, तुम्ही नको. सवाष्णींना भरू दे." तांदूळ परत ताटात गेले. मुलगा, सून समोरच होते, पण कोणी ब्र काढला नाही. मला तर नुसतं ऐकूनच संताप आला होता. स्वतःच्या मुलाच्या लग्नात! आता डोहाळजेवणातही मागच्या खुर्चीतच बसायचं, तर त्यासाठी इतक्या लांब कोण जातं?

त्याच आठवड्यात काकूंचा नवा सिनेमा लागला. त्यांचा मूड सुधारेल म्हणून मी त्यांना ओढत घेऊन गेले. चित्रीकरण हिवाळ्यात जयपूरबाहेर चाकसू गावाजवळच्या एका हवेलीत झालं होतं. गुंडांपासून वाचायला नायक नवरीचा वेश घेतो आणि पाठवणीच्या गर्दीतून निसटतो, अशी गोष्ट. बायकांनी ओळीनं येऊन नवरीच्या डोक्यावर हात ठेवायचा आणि रडायचं, एवढंच काम. काकूंच्या हातात शोभेचं ताट दिलं होतं, तांदूळ आणि नारळाचं. समोर मान खाली घातलेली नवरी, स्वतःचंही तोंड झाकलेलं, आणि हात धरायला कोणी नाही. काकू पुढे झाल्या, नवरीची ओढणी पसरली, ओंजळभर तांदूळ घातले, वर नारळ ठेवला.

आपल्याकडे पाठवणीला लेकीची ओटी भरतात. इकडच्या लोकांना ठाऊक ती गोदभराई, गरोदर बाईची! सासरा झालेला नट खराच दचकला, नवरी नारळ सावरायला गेली, घुंगट सरकला आणि मिशी बाहेर आली. दिग्दर्शकानं प्रसंग तसाच ठेवला होता. थिएटरात हशा पिकला. मागचे एक भैया "अरे, दुल्हन तो पेट से है!" म्हणत खुर्ची बडवत होते. मी हसत हसत काकूंकडे पाहिलं, तर त्या रडत होत्या.

"खरीच नवरी वाटली गं मला," त्या म्हणाल्या. "मतलब, बाप्या आहे हे कोणी सांगितलंच नव्हतं. अगदी मनापासून भरली होती मी."

दुसऱ्या दिवशी आम्ही मेथी निवडत होतो, तेवढ्यात अनुश्रीचा फोन आला. हात मातीचे, म्हणून काकूंनी स्पीकर लावला.

"आई, काल आम्ही तुमचा सिनेमा पाहिला. ती ताटवाली तुम्हीच ना?"

"हो. पण तुला कसं कळलं? तोंड कुठं दिसतंय माझं?"

"जयपुरात पाठवणीला ओटी दुसरं कोण भरणार?" मग ती म्हणाली, "आई, लग्नात मी गप्प बसले. चुकलं माझं. डोहाळजेवणाला पहिली ओटी तुम्हीच भरायची."

"अगं, पण आत्याबाई काय म्हणतील? माझ्या हातानं..."

"आई, मिशीवाल्या नवरीची भरलीत. मग माझी का नाही?"

काकूंना हसू फुटलं, मग रडू आलं, मग पुन्हा हसू. मातीच्या हातानंच डोळे पुसत त्यांनी मला खुणेनं विचारलं, पुण्याची गाडी कधी आहे?