सहावी पुळण

आमच्या गावात आडनाव असून नसल्यासारखं. अर्धा गाव जोन्स, उरलेला अर्धा पॅरी. म्हणून माणसाला त्याच्या धंद्यावरून हाक मारायची: गेरायंट दूध, ओवेन शवपेटी आणि नेरिस दुकान. नेरिस दुकान चौसष्ट वर्षांची, अंगाने आडवी आणि जिभेने तिखट. वेल्सची जमीन जिथे संपते तिथे, गावच्या एकुलत्या एका दुकानात, एकतीस वर्षं ती गल्ल्यामागे उभी आहे. पोस्टाची तिकिटं, बटाटे, रॉकेल, वाढदिवसाची कार्डं, सगळं तिच्याचकडे मिळतं.

उन्हाळा लागला की इंग्लंडहून गाड्या येतात आणि प्रत्येक गाडीतून तोच प्रश्न उतरतो: "इथे जवळपास एखादी शांत पुळण आहे का हो?"

किनाऱ्याला आमच्याकडे तोटा नाही. पण इंग्रजाची शांत पुळण म्हणजे जिथे तो सोडून दुसरं कोणी नाही. वाऱ्याला आडोसा म्हणून काठ्या ठोकून कापड लावतो आणि बसतो. दुसरं कुटुंब शंभर पावलांवर आलं की मान डोलावतो, तिसरं आलं की घड्याळ बघतो आणि चौथं दिसलं की "काय ही गर्दी!" म्हणत थर्मास आवरायला लागतो. अशा लोकांना पुळण निवडून द्यायची म्हणजे स्थळ जुळवण्यापेक्षा अवघड काम.

नेरिस ते काम फार हुशारीने करायची. आधी पायांकडे बघायची. मग एकच प्रश्न: "पाऊस आला तर काय कराल?" घरी जाऊ, असं म्हणणाऱ्यांना पोर्थ वेनची पुळण, रस्त्याला लागून, संडास जवळ. गाडीतच बसून समुद्राकडे बघत सँडविच खाऊ म्हणणारी म्हातारी जोडपी पोर्थ लासला. तिथे गाडीचं तोंड थेट पाण्याकडे करून लावता येतं. आणि भिजू की, असं म्हणणाऱ्यांना वीस मिनिटांची पायवाट उतरून पोर्थ गाव्हरला. अशा तिच्याकडे पाच पुळणी होत्या. गल्ल्यामागे दोरी बांधलेली, दोरीवर पाच चिठ्ठ्या. एक गाडी धाडली की त्या चिठ्ठीशेजारी कपड्यांचा एक चिमटा. तीन चिमटे झाले की ती पुळण त्या दिवसापुरती बंद.

"तिथे आज फार गर्दी आहे बाई," ती चेहरा पाडून सांगायची, जणू आत्ताच डोकी मोजून आलीये.

कुणीतरी तिला सुचवलं, छापील यादी काढ, सर्वोत्तम शांत पुळणी म्हणून. नेरिस फिसकन हसली. "सगळ्यांना एकच पुडी बांधून देणारा डॉक्टर पाहिलायस का कधी? यादी निघाली की शांतता निघाली."

सहावी पुळण मात्र तिने कुणाला कधीच सांगितली नाही. पोर्थ एलाइन. खरं सांगायचं तर पाचांपेक्षा तीच उजवी. दक्षिणेकडे तोंड, मैद्यासारखी वाळू, ओहोटीला खडकावर सील प्राण्यांचा गोतावळा. पण वरच्या अंगाला तिच्या थोरल्या भावाचं, एमरिसचं घर. एमरिस सुतार, मुळातच घुम्या. त्यातून अकरा वर्षांपूर्वी त्याची बायको मायर गेली आणि त्याने दार लावून घेतलं. त्याला आता एकांत हवा, हे नेरिसने ठरवून टाकलं. फाट्यावरची पोर्थ एलाइनची पाटी तिने गेरायंट दूधकडून उपटून घेतली आणि गावाला ताकीद दिली: तिकडचं नाव काढायचं नाही. आमचं गाव एरवी कशावर एकमत होणार नाही, पण यावर झालं. सगळ्यांनी तोंडात मिठाची गुळणी धरली. पाहुण्यांना कानोकान खबर नव्हती. गुरुवारी नेरिस त्याच्या सामानाचं खोकं कुंपणाच्या भिंतीवर ठेवायची आणि हॉर्नसुद्धा न वाजवता व्हॅन वळवायची. रविवारी प्रार्थनेला तो मागच्या बाकावर बसायचा आणि शेवटचं गाणं संपायच्या आत निघून जायचा. त्याला कोणी अडवायचं नाही.

आयुष्यात लग्न टिकलं नाही, गुडघे गेले, पण भावाला जपलं, असं ती स्वतःशी म्हणायची. त्याचा तिला अभिमान होता.

गेल्या ऑगस्टमधली गोष्ट. वुल्व्हरहॅम्प्टनचं हॅडली जोडपं शनिवारी दुकानात आलं. दोघांच्या पायांत चांगले मळलेले बूट. पाऊस आला तर? "भिजू!" दोघं एकदम म्हणाली. नेरिसला माणसं आवडली. "पोर्थ गाव्हर. फाट्यावरून डावीकडे."

सोमवारी मिसेस हॅडली परत आल्या, हातात फुलं घेऊन.

"तुमचे उपकार कसे फेडायचे? अशी पुळण जन्मात पाहिली नाही. आणि तो माणूस!"

"कुठला माणूस?"

"वरच्या घरातले. किती बोलतात हो! तीनदा चहा पाजला. सील दाखवले, नावंसुद्धा दिलीत त्यांनी सीलना. चार तास कसे गेले कळलं नाही."

पोर्थ गाव्हरला घरच नाही. नेरिसच्या लक्षात यायला वेळ लागला नाही. "तुम्ही उजवीकडे वळलात."

"फाट्यावर पाटीच नाही कसली! आम्ही आपले गेलो." मग मिसेस हॅडली जरा थांबल्या. "निघताना विचारत होते, परत याल ना? म्हटलं, बघू. पुन्हा विचारलं. गाडीपर्यंत येऊन पुन्हा विचारलं. मला कसंसंच झालं."

नेरिसने फुलं पाण्यात ठेवली. पहिला विचार तिच्या मनात आला तो हाच, की बिचाऱ्या एमरिसला केवढा त्रास झाला असेल. भिडस्त माणूस, हाकलता आलं नसेल. दुपारी एकला दुकान बंद करून, मनुकांचा पाव घेऊन ती माफी मागायला निघाली.

एमरिस घरात नव्हता. खाली पुळणीवर उतरायच्या पायऱ्यांवर गुडघे टेकून एक फळी ठोकत होता. नेरिस कित्येक वर्षांत इथे उतरली नव्हती. एकूण एक पायरी नवी होती. धरायला डांबर लावलेला दोर होता. खाली कड्याच्या आडोशाला दोन बाकं होती, गुळगुळीत रंधा मारलेली.

"हे कधी केलंस?"

"दर वसंतात करतो. हिवाळ्यात उधाण येतं, मोडून नेतं." त्याने तोंडातला खिळा काढला. "तू कशी काय इकडे? कोण गेलं?"

"कोणी नाही गेलं रे. ते शनिवारचे लोक. माझ्यामुळे आले. रस्ता चुकले. पुन्हा असं नाही होणार."

एमरिसचा हातोडा थांबला. "म्हणजे? नाही येणार ते?"

असा आवाज तिने त्याच्या तोंडून मायरच्या दुखण्यातच काय तो ऐकला होता. ती पायरीवर बसली.

"तुला... यायला हवेत?"

"बाकं कशाला केलीत मग? सीलना बसायला?" तो करवादला. "मला कळत नाही, या पुळणीला झालंय काय. मायर होती तेव्हा उन्हाळ्यात रोज माणसं असायची. ती वरून हाक मारून चहा द्यायची, आठवतंय ना? ती गेली आणि एका वर्षात चिटपाखरू नाही. मला वाटलं, तिच्यासाठीच यायची सगळी. माझ्या तोंडाकडे बघून कोण येणार? फाट्यावरची पाटी वाऱ्याने पडली, तर दोनदा काउन्सिलला पत्र घातलं. उत्तर नाही."

वाऱ्याने पडली, असं म्हणून सोडून देता आलं असतं. त्याला संशयसुद्धा नव्हता. नेरिसने पाव मांडीवर ठेवला आणि तो घट्ट धरून ठेवला.

"वाऱ्याने नाही पडली. मी काढायला लावली. लोकांना पण मीच पाठवत नव्हते. सगळ्या गावाला सांगून ठेवलं होतं."

"तू?"

"तुझ्यासाठी! शप्पथ, एमरिस. तुला कुणाचा त्रास नको म्हणून."

तो समुद्राकडेही बघत नव्हता, नुसता तिच्याकडे. त्याने आरडाओरडा केला असता तर तिला बरं वाटलं असतं.

"गुरुवारी मी चहा टाकून ठेवतो," तो शेवटी म्हणाला. "तुझी व्हॅन येते. खोकं ठेवलेलं ऐकू येतं. मग व्हॅन वळते. मला वाटायचं, तुलाही माझा कंटाळा आला."

"नाही रे! नाही!" ती रडायलाच लागली. "तू म्हणाला होतास. मायरला पुरून आलो, घर माणसांनी भरलं होतं, आणि तू सगळ्यांसमोर म्हणालास, मला आता एकटं राहू द्या. माझ्या कानांनी ऐकलंय मी."

एमरिसला आठवायला वेळ लागला. त्याने हातोडा खाली ठेवला, तिच्या मांडीवरचा चुरगळलेला पाव उचलून बाजूला ठेवला आणि तिच्या शेजारी बसला.

"त्या संध्याकाळपुरतं म्हणालो होतो गं," तो म्हणाला.