आढ्यातली पाती

सुप्याच्या रानातल्या त्या सरकारी बंगल्यात हिवाळाभर शिकारी साहेब उतरायचे. एक टोळी गेली की दुसरी हजर, आणि सगळ्यांना पहाटे गरम पाणी हवे. त्यातच वरून हुकूम आला, की छप्पर सगळे बदला, पण बंगला एक दिवसही बंद ठेवू नका. हुकूम देणाऱ्याच्या बापाचे काय जाते? काम पडले कुंभारवाडा गावच्या धाकलू वेळीप मुकादमाच्या गळ्यात.

धाकलूने ते डोके लावून चालवले. एका वेळी एकच खोली उघडायची. साहेब रानात गेले की वासे उतरवायचे आणि ते परतायच्या आत झाडलोट करून मोकळे व्हायचे. ठोकाठोकीने एका मडमेचे डोके दुखायचे, म्हणून त्याने ठोकायच्या लाकडी मोगऱ्यांना काथ्या गुंडाळायला लावला.

त्या साली कुठल्याशा शहरात एका अंमलदारावर गोळी झाडली गेली होती. तेव्हापासून बंगल्यावर एक हवालदार आणि बंदूकवाल्यांचा पहारा. गड्यांनी कोयते फाटकावर टांगून आत यायचे. कमरेला कोयता नसला तर आमच्याकडचा माणूस उघडा पडल्यासारखा चालतो. पण धाकलूने तेही सगळ्यांच्या गळी उतरवले.

मोठ्या खोलीचे आढे चढवायची वेळ आली आणि घोडे अडले. ज्याने झाड तोडले त्याच्या कोयत्याची पाती नव्या आढ्याखाली खोचायची आणि पुनवेला काढायची, ही आमची रीत. नाहीतर झाडातले रान खाली निजणाऱ्याच्या जिवावर उठते. झाड तोडले होते परशूने, म्हणजे धाकलूच्या जावयाने. पातीशिवाय एकही गडी वर चढेना.

"हवालदाराला इचारून बघू?" परशू म्हणाला.

"इचारलं तर न्हाईच म्हणंल," धाकलू म्हणाला. "पुनव जवळच हाय. तवर खोली रिकामीच ऱ्हाणार."

कामट्यांच्या भाऱ्यातून पाती आत आली. एवढा शहाणा माणूस, आणि नेमका इथे चुकला. मला त्याचा अजून राग येतो.

पुनवेआधीच एक बडा साहेब न कळवता येऊन थडकला. त्याच्यासाठी मोठी खोली उघडली. छपराखालची फळ्यांची तक्तपोशी अजून बसायची होती. हवालदाराने तपासणीसाठी कंदील वर धरला, तर पलंगाच्या बरोबर वर पाती चकाकली.

गड्यांना अंगणात उभे केले.

"कुणाची ही?" हवालदाराने विचारले.

परशूने तोंड उघडले. धाकलूची एकुलती लेक केशर त्या वेळी पहिलटकरीण, दिवस भरत आलेले. धाकलू पुढे झाला.

"माझी. मीच ठेवली."

"कशाला?"

"सायबाच्या जिवाला काय व्हऊ नये म्हणून."

साहेबाबरोबरच्या कारकुनाने ते त्याला इंग्रजीत सांगितले. साहेब हसलासुद्धा नाही. हात बांधून धाकलूला घाटाखालच्या तुरुंगात नेले. बाकीच्या गड्यांना हाकलले, आणि बाहेरची माणसे आणून छप्पर पुरे केले.

खरे सांगा, असे केशर नवऱ्याला म्हणाली नाही. गप्प बसा, असेही म्हणाली नाही. ती त्याच्याशी बोलेनाशीच झाली. शेवटी बाळंतपण उरकल्यावर परशू घाट उतरला. तुरुंगाच्या साहेबापुढे उभे राहून सगळे कबूल करायचे, हे ठरवूनच तो निघाला होता. आधी सासऱ्याला भेटावे म्हणून गजांपाशी गेला. धाकलू तापाने वाळून गेला होता.

"मामा, पोरगी झाली."

धाकलूने मान हलवली. मग म्हणाला, "मोठ्या खोलीत कोण निजतंय?"

"सायबच की."

"पाती पुन्यांदा खोचली न्हवं? पुनवंपातूर ठेवली?"

पाती हवालदाराने जप्त केली होती. बाहेरच्या माणसांना ती रीत ठाऊकही नव्हती.

"खोचली, मामा."

"मग बरं," धाकलू म्हणाला. त्याच्या तोंडावरचा ताण गेला. आपले इथे बसणे फुकट गेले नाही, असे त्याला वाटले असावे.

त्या समाधानी चेहऱ्यापुढे परशूचा धीर सुटला; मामा सुटून घरी आला, की पाती खोचलीच नव्हती हे त्याला कळणार होते. तो साहेबाच्या कचेरीकडे वळलाच नाही, आल्या वाटेने घाट चढून परत आला. पावसाळा सरायच्या आत धाकलू तिथेच गेला, आणि परशूने कबुली देऊन सोडवावे असे आत कोणी उरले नाही.