नानांचा मुकादम

नानांचं कासव मेलेलं नव्हतं. मला माहीत होतं.

आज नानांना जाऊन वर्ष झालं. सकाळपासून व्हॉट्सॲपवर हात जोडलेले येतायत. 'असा मुलगा सगळ्यांना मिळो', असंही एकाने लिहिलंय.
म्हणून ही पोस्ट लिहितोय.

माझे वडील, म्हणजे नाना, खानदेशातून सुरतला आले आणि जन्मभर लूमवर, कापडाच्या मागावर, उभे राहिले. कान तिथेच गेले. पण चालू लूमवर तळहात ठेवला की आत काय बिघडलंय ते बरोबर सांगायचे.

रिटायर झाल्यावर त्यांनी लाल कानांचं म्हणतात तसलं, पाण्यातलं कासव आणलं. बिस्किटाएवढं. नाव ठेवलं मुकादम.
"काम काहीच करस नई, नुसता दखत ऱ्हास," म्हणायचे आणि स्वतःच हसायचे.

सुरतेतच भेस्तानला आमचं घर, तिथे बहिऱ्या माणसाशी बोलायला कुणाला वेळ होता? मुकादमशी ते तासन्‌तास बोलायचे.

मग नाना पडले, पाय मोडला. मुकादमच्या टबाचं पाणी बदलणं माझ्या गळ्यात आलं. ड्युटीवरून यायचं आणि कासवाची घाण उपसायची.
मला किळस यायची. खरं सांगू, नानांचीही यायची.

जानेवारीत मुकादमने खाणं सोडलं, हलणंही. ॲक्वेरियमच्या दुकानात विचारलं.
"ठंडीमां सूई जाय, भाई. मरेलो समजीने फेंकी ना देता."
थंडीत झोपतं, मेलं समजून टाकू नका. इतकं स्पष्ट सांगितलं त्याने.

घरी येऊन मी नानांच्या कानात ओरडलो, "नाना, मुकादम मरी गया!"

नानांनी त्याला मांडीवर घेतलं. पाठीवर तळहात ठेवला. बराच वेळ.
"जित्ता शे रे."
"मरी गया! वास मारी ऱ्हायना!"
वास टबाचा होता.

कासव देवाचं, कचऱ्यात टाकायचं नाही, असं आमच्याकडे मानतात. म्हणून मागच्या अंगणात खड्डा केला, हळदकुंकू वाहिलं. मूठभर मीठ नानांच्याच हाताने टाकायला लावलं.
मांजरं उकरतील म्हणून वर फरशी ठेवली.
टब भंगारात दिला. दुपारी मस्त झोप लागली मला.

दुसऱ्या दिवसापासून नाना वॉकर घेऊन तिथे जायला लागले. कसेबसे खाली बसायचे आणि फरशीवर तळहात ठेवायचे.
"फरशी सरकाव ना रे, भाऊ."
मी आत येऊन चहा प्यायचो. बायकोला म्हणायचो, "म्हातारं सरकलंय."

चौथ्या दिवशी त्यांना उठवायला गेलो. त्यांनी हात उचलला, धूळ झटकली, माझ्याकडे बघितलं.

"आते मरना."

आत्ता मेला.

त्यानंतर नाना माझ्याशी एक शब्द बोलले नाहीत. दोन महिन्यांनी गेले.

डॉक्टरने सांगितलं तरी माझा विश्वास बसेना. नाकापुढे सूत धरलं. मग त्यांच्या छातीवर तळहात ठेवून बसलो. लोक म्हणत होते, उचला आता, उशीर होतोय. मी म्हणालो, थांबा, एकदा नीट बघू दे.

मला काही कळलं नाही. नानांचा हात मला आलेला नाही.

कमेंटमध्ये माझं सांत्वन करू नका.

नाना, 'भावपूर्ण' वगैरे माझ्याने लिहवत नाही. तुम्हाला आणि मुकादमला नमस्कार.