ओळंब्याचा तिरका ट्रक

कुणाच्याही घरी गेला की आधी भिंतीवरची तसबीर सरळ करायची आणि मग पाणी मागायचं, ही त्याची खोड. म्हणून गल्लीने गवंड्याच्या लंबकावरून त्याचं नाव ठेवलं ओळंबा. वाकडा खिळा, वाकडा भांग, वाकडी लावलेली सायकल, त्याला काही म्हणून खपत नसे. अशा माणसाने आयुष्यातला पहिला स्वतःचा ट्रक घेतला, तो नेमका तिरका!

ट्रक वापरलेला, पण खालची चासी, म्हणजे सगळा भार पेलणारा सांगाडा, ताज्या काळ्या रंगाने नुसती चमकत होती. "मावशी, पोरगं नशीबवान हो तुमचं," असं दलाल म्हणाला तेव्हाच आईला शंका आली. मग ट्रक गल्लीतून निघाला आणि तिला गॅलरीतून दिसलं, तोंड सरळ आहे, पण मागची चाकं डावीकडे बाहेर डोकावतायत.

"अरे, हा खेकड्यासारखा चालतोय!" संध्याकाळी ती म्हणाली.

"रस्त्याला उतार आहे, आई."

"येतानाही डावीकडेच होता. उतार काय तुझ्याबरोबर फिरायला जातो?"

सून आतून म्हणाली, "काल माझ्यावर आलं होतं. मी डावीकडे बसते म्हणून गाडी डावीकडे ओढते म्हणे. मी उतरले, तरी ओढतेच. आता माझी पिशवी गाडीत राहिली होती, तिच्यावर ढकलतायत."

सोमवारी भरल्या ट्रकने घाट उतरायचा होता. आईचा जीव टांगणीला लागला. पोरगा वाऱ्याला दोष देईल, पण 'फसलो' म्हणणार नाही, हे ती त्याच्या रांगत्या वयापासून ओळखून होती. रविवारी सकाळी तिने बैठकीतली तसबीर मुद्दाम तिरकी केली. त्याने सरळ केली. तिने पुन्हा तिरकी केली.

"काय चाललंय आई तुझं?"

"एवढीशी तसबीर सोसत नाही, मग एवढा मोठा ट्रक कसा सोसतोस रे?"

तो तडक बाहेर पडला. शेजारच्या गवंड्याकडून खराखुरा ओळंबा आणला, चासीच्या चार कोपऱ्यांवरून खाली सोडला आणि अंगणातल्या काँक्रीटवर खडूने चार खुणा केल्या. एका कोपऱ्याच्या खुणेपासून तिरक्या समोरच्या खुणेपर्यंत, अशी दोनदा सुतळी धरली. दोन्ही अंतरं सारखी यायला हवी होती. एक अंतर तीन बोटं कमी भरलं.

"सुतळी ताणते," तो म्हणाला. दुसरी सुतळी घेतली. पुन्हा तीन बोटं. मग त्याने पत्र्याच्या तुकड्याने रंग खरवडला. खाली गोमेसारखा जुना वेल्डिंगचा सांधा निघाला. बडा घर, पोकळ वासा!

दलाल आला, हसला. "अहो, एवढं काय मनाला लावून घेता! परत रंग मारू, गिऱ्हाईक मी बघतो. तुम्ही मोकळे."

ओळंब्याने क्षणभर वर गॅलरीकडे पाहिलं. आई कठडा घट्ट धरून उभी होती.

"त्या गिऱ्हाइकालाही आई असेल," तो म्हणाला. "आणि आईला गॅलरी."

सोमवारचा माल दुसऱ्याच्या ट्रकमधून गेला. ओळंब्याचा ट्रक गेला चासी सरळ करणाऱ्याकडे. तिथे ती यंत्राने ओढून सरळ केली, सांध्यावर जाड पट्टी बसवली आणि ओळंब्याने ती पट्टी हट्टाने पिवळीधमक रंगवली. लपवायचं नाही, कुणालाही लांबून दिसू दे.

ट्रक परत आला त्या दिवशी आईने गॅलरीतून एक डोळा मिटून तो गल्लीच्या टोकापासून निरखला.

"सरळ चालतोय रे!" ती आनंदाने ओरडली.

ओळंब्याने खिडकीतून मान बाहेर काढली, वर पाहिलं आणि कपाळाला आठ्या घातल्या.

"आई, तुझी गॅलरी तिरकी आहे!"