ओला हात

बाजारात कुटलेल्या मोहरीचा झणका नाकात गेला की मला काचीगुड्यातलं सासरचं स्वयंपाकघर आठवतं, खिडकीखाली ठेवलेली आवकाय लोणच्याची मोठी बरणी, आणि तिला बुरशी आली की माझ्याकडे वळणारी सासूबाईंची नजर. "पाळीत चोरून शिवतेस तू. दर वेळी त्याच दिवसांत बुरशी येते, मी डोळ्यांनी पाहिलंय." मी शिवत नव्हते, पण बुरशी खरंच त्याच दिवसांत यायची, त्यामुळे हळूहळू मलाही माझाच संशय यायला लागला. शेवटी कॉलेजात जाणारी नणंद म्हणाली, "हौ वहिनी, आईने पाहिलंय खरं, पण करून कुठे पाहिलंय?" तिने ताज्या लोणच्याच्या दोन छोट्या बरण्या भरून माझ्या खोलीत ठेवल्या, नाणं उडवून त्यातली एक निवडली, आणि पाळीत मी रोज फक्त त्या बरणीला हात लावला. दोन्ही बरण्या चांगल्या राहिल्या. बुरशी आली ती स्वयंपाकघरातल्या मोठ्या बरणीला. मग पुढच्या पाळीत आम्ही दाराआडून पाळत ठेवली. एरवी लोणचं मी वाढायचे, कोरड्या चमच्याने. त्या दिवसांत मला स्वयंपाकघर बंद, म्हणून सासूबाई वाढायच्या, भांडी विसळता विसळता, ओल्या हाताने. नणंदेने हे सांगितलं तर त्या माझ्यावरच उसळल्या, "म्हणजे माझ्यावर नजर ठेवता?" आजही कुणी "मी डोळ्यांनी पाहिलंय" म्हणालं, की मी आधी त्याचे हात बघते.