सुक्या मासळीची केस

माझ्या वकिलीला तेव्हा पाच-सहा वर्षं झाली होती. ओरोसला बाल न्याय मंडळापुढे येणाऱ्या मुलांची कामं मी घ्यायचे. त्यातच आचऱ्याच्या बाजूची एक सोळा वर्षांची मुलगी आली. शेजारच्या म्हातारीने पावसाळ्यासाठी वाळत घातलेल्या मासळीवर तिने रॉकेल ओतलं, अशी तक्रार होती. म्हातारी विधवा, एकटी. होड्या बंद असत तेव्हा ती सुकी मासळी विकूनच तिचं घर चालायचं.

"तू केलंस?" मी दार लावून विचारलं.

तिने होकारार्थी मान हलवली. बाजारात बसायच्या जागेवरून म्हातारी तिच्या आईला चारचौघांत नको ते बोलली होती.

"हे परत कोणाला सांगायचं नाही."

"आजयेक पण नाय?"

"तिला तर मुळीच नाही."

त्या म्हातारीला ती आजी म्हणत होती, हे तेव्हाच माझ्या लक्षात यायला हवं होतं.

मंडळाच्या मॅजिस्ट्रेट बाईंनी एकदा सुचवलंही, "दोघींना समोरासमोर बसवू या का? आजींची तयारी आहे." मी उठून हरकत घेतली. माझी अशील आरोपच मान्य करत नाही, मग बोलायचं कशाबद्दल? या युक्तिवादावर मी घरी येईपर्यंत खूश होते. तिथे नुसतं बसून बोलल्याने मुलीचं काही बिघडलं नसतं, हे मला माहीत होतं. पण मला जिंकायचं होतं.

साक्षीदार एकच, त्यानेही लांबूनच पाहिलेलं. मी अंतर विचारलं, उजेड विचारला, कपड्यांचा रंग विचारला. तो गोंधळला. मुलगी सुटली.

बाहेर पायऱ्यांवर म्हातारी थांबली होती. रागावलेली दिसत नव्हती.

"माका फकत एवढाच सांग," ती मुलीला म्हणाली, "कित्याक केलंस गो? माझ्या मांडयेर वाढलंस तू."

मुलीचे ओठ हलले. मी तिचा दंड धरला आणि दोघींच्या मधे उभी राहिले. "आजी, निकाल लागलाय. आता तिच्याशी बोलू नका." म्हातारीने माझ्याकडे पाहिलं, पदर सारखा केला आणि एसटी स्टँडच्या दिशेने चालू लागली.

वर्षभराने मुलगी माझ्या कणकवलीच्या ऑफिसात आली. बारावी झाली होती, पण खूप वाळली होती. रोज त्याच वाटेने जायचं, रोज ते घर लागायचं. म्हातारी तिच्याकडे बघायचीसुद्धा नाही.

"मॅडम, माका तिका सांगूचा आसा. तुमी येशात?"

या वेळी मी नाही म्हटलं नाही. म्हातारीने आम्हाला घरापुढच्या खळ्यात बसवलं, चहा दिला. मुलीने कप तसाच खाली ठेवला.

"आजये, ता मीच केललंय."

"माका म्हायत आसा."

"माझी चूक झाली."

म्हातारीने हातातलं पातेलं खाली ठेवलं. मग म्हणाली, "तेवा इचारलंय, तेवा माका जवाब होयो होतो. सगळो गाव माका खोटारडी म्हणालो. आता तू एकट्या माका सांगान काय उपेग? च्या पी आणि जा."

मुलगी रडली नाही. चहा मात्र तिने पूर्ण प्यायला. मी काहीतरी समजावू लागले, तेव्हा म्हातारीने मला हाताने थांबवलं. "वकीलबाय, तुमी नको."

ती मुलगी आता गोव्यात नोकरी करते. गणपतीला येते, दोन दिवसांत परत जाते. दोन्ही घरांचं येणं-जाणं बंदच आहे. आता नव्या मुलाचं काम आलं की समोरच्या बाजूच्या माणसाला काय हवंय, हे मी आधी विचारते. तेवढं शिकले, पण ते त्या दोघींच्या जिवावर.

परवा मालवणच्या मासळी बाजारात त्या मुलीची आई भेटली. तिने पिशवीत जबरदस्तीने चार बांगडे जास्तीचे टाकले. "तुमी माझ्या चेडवाक वाचवलास," ती म्हणाली. मला हो म्हणवेना, नाहीही म्हणवेना. पिशवी घेऊन मी बाहेर आले.